हाकोसुका: जीटी कोणती आणि जीटी-आर कोणती?

जुन्या जपानी गाड्यांच्या फोटोंत एक चंदेरी, चौकोनी चार दारांची सेदान हमखास दिसते. पुढे चार गोल दिवे, लांब बोनेट आणि खाली लिहिलेलं असतं 'स्कायलाइन जीटी-आर'. बऱ्याचदा ती जीटी-आर नसतेच. चार दारांच्या जीटी-आर कारखान्यातून जेमतेम ८३२ बाहेर पडल्या, आणि फोटोंत दिसतात त्या सगळ्या खऱ्या असत्या तर निस्सानला आणखी एखादा कारखाना काढावा लागला असता. फोटोत असते ती बहुधा तिची बहीण, स्कायलाइन २००० जीटी. साचा एक, पिढी एक, लाडकं नावही एकच: हाकोसुका. 'हाको' म्हणजे खोका आणि 'सुका' हा 'स्कायलाइन'च्या जपानी उच्चाराचा लचका.

दोघींच्या बोनेटखाली एका ओळीतली सहा सिलिंडर आहेत. दोन्ही इंजिनं दोन लिटरच्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबतात, कारण जपानात २००० सीसी ओलांडली की गाडी वरच्या वर्गात जायची आणि कर वाढायचा. जीटीचं एल-२० हे १९९८ सीसी, जीटी-आरचं एस-२० हे १९८९ सीसी. म्हणजे साध्या गाडीचंच इंजिन ९ सीसीने मोठं! तरी एल-२० देतं १०५ अश्वशक्ती आणि एस-२० देतं १६०. हा फरक कुठून आला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

स्कायलाइन मुळात निस्सानची नव्हेच. ती प्रिन्स या कंपनीची, आणि प्रिन्सची मुळं युद्धकाळातल्या विमान कारखान्यांत. १९६४ साली सुझुका इथल्या जपान ग्रां प्रीसाठी प्रिन्सच्या लोकांनी एक धाडस केलं. दीड लिटरच्या स्कायलाइनचं नाक २०० मिलिमीटरने लांबवलं आणि आपल्याच ग्लोरिया गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन तिथे बसवलं. समोर पोर्शे ९०४ होती, म्हणजे अस्सल शर्यतीची गाडी. जिंकली पोर्शेच, पण तेत्सु इकुझावा या चालकाची स्कायलाइन थोडा वेळ तिच्या पुढे होती आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सगळे क्रमांक स्कायलाइननेच घेतले. घरगुती सेदानने पोर्शेला मागे टाकलं, ही गोष्ट जपानी लोक आजही डोळे चमकवून सांगतात. प्रिन्स तेवढ्यावर थांबली नाही. तिने आर-३८० ही निव्वळ शर्यतीची गाडी बांधली आणि १९६६ च्या ग्रां प्रीत पोर्शे ९०६ ला हरवलं. त्या गाडीच्या इंजिनाला २४ व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, आणि त्या उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, होते.

त्याच १९६६ च्या ऑगस्टमध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. आता एकाच छपराखाली दोन घराण्यांची इंजिनं आली, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. १९६८ ची नवी स्कायलाइन प्रिन्सच्याच माणसांनी अभियंते शिंइचिरो साकुराई यांच्या हाताखाली उभी केली. पण त्याच वर्षी आलेल्या २००० जीटीत जे इंजिन बसलं, ते निस्सानच्या घरचं एल-२०. १९६५ पासून निस्सानच्या सेड्रिक गाडीत राबलेलं, एक कॅमशाफ्ट, १२ व्हॉल्व्ह, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरही एकच. मग फेब्रुवारी १९६९ मध्ये जीटी-आर आली, तेव्हा तिच्यात प्रिन्सच्या शर्यतीच्या इंजिनाचा वारसा सांगणारं एस-२० होतं. आर-३८० चं इंजिन उचलून जसंच्या तसं रस्त्यावरच्या गाडीत टाकलं, असं पुष्कळदा ऐकू येतं. ते खरं नाही. कल्पना तिथली, पण इंजिन रस्त्यासाठी नव्याने घडवलेलं.

आता आतली गंमत. एल-२० च्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६९.७. एस-२० मध्ये व्यास ८२, धाव फक्त ६२.८. पिस्टनला वरखाली कमी अंतर कापायचं असेल तर तो जास्त वेगाने नाचू शकतो, आणि रुंद सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्हना जागाही जास्त मिळते. एस-२० मध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह: दोन आत घेणारे, दोन बाहेर सोडणारे. शिवाय एका बाजूने हवा-पेट्रोल येतं आणि दुसऱ्या बाजूने धूर जातो. एल-२० मध्ये दोन्ही कामं हेडच्या एकाच बाजूला. मंगल कार्यालयात पंगत उठतानाच दुसरी पंगत त्याच दारातून आत घुसते तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. सावकाश चाललं तर निभावतं, गर्दी वाढली की खोळंबा.

म्हणून नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा तो कितव्या फेऱ्यांना मिळतो ते बघावं. एल-२० चे १०५ मिनिटाला ५२०० फेऱ्यांवर येतात, एस-२० चे १६० येतात ७००० वर. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १६ विरुद्ध १८ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे फार मोठी तफावत नाही. पण एल-२० आपला जोर ३६०० फेऱ्यांवरच हातात देतं आणि एस-२० साठी ५६०० पर्यंत थांबावं लागतं. रोज बाजारात जायला मला कुणी किल्ली निवडायला सांगितली, तर मी निमूट जीटीची घेईन. एस-२० ला तीन मिकुनी-सोलेक्स कार्बोरेटर. ते तिन्ही एका सुरात लावणं हे तंबोरा जुळवण्याइतकंच कान मागणारं काम.

जीटी-आरच्या गिऱ्हाइकाला याची कल्पना असावी. १५ लाख येन मोजून त्याला रेडिओ मिळत नसे आणि हीटर हवा असेल तर तो वेगळा. मिळायचे ते पाच गिअर आणि १०० लिटरची पेट्रोलची टाकी. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तशी ही चार दारांची गाडी. मे १९६९ मध्ये ती पहिल्या शर्यतीत उतरली आणि जिंकली, तेही जरा नशिबाने: रेषा आधी ओलांडलेल्या टोयोटा १६०० जीटीला अडथळा आणल्याबद्दल दंड झाला. पुढचे विजय मात्र तिचे स्वतःचे. ऑक्टोबर १९७० मध्ये दोन दारांची हार्डटॉप आली, चाकांमधलं अंतर ७० मिलिमीटरने कमी, वळणावर अधिक चपळ. १९७१ च्या अखेरीस रोटरी इंजिनवाल्या माझदा सव्हानाने ती घोडदौड रोखली, आणि १९७२ च्या मार्चपर्यंत जीटी-आरच्या नावावर ५० विजय लागले होते.

एस-२० एका भावंडालाही मिळालं, निस्सानच्याच फेअरलेडी झेड-४३२ या स्पोर्ट्स गाडीला. चार व्हॉल्व्ह, तीन कार्बोरेटर, दोन कॅमशाफ्ट, म्हणून ४३२. इतकं सरळ नाव गाड्यांच्या जगात क्वचितच सापडतं. स्कायलाइनच्या पुढच्या पिढीच्या, 'केनमेरी' या लाडक्या नावाच्या, जीटी-आर १९७३ मध्ये अवघ्या १९७ बनल्या आणि धुराचे कडक नियम आले तसं हे इंजिन संपलं. साधं एल मात्र टिकलं. त्याच घराण्यातल्या एल-२४ ने डॅट्सन २४०झेड अमेरिकेत नेली, आणि १९७९ मध्ये सेड्रिक-ग्लोरियात एल-२० ला टर्बो जोडला गेला तेव्हा ती जपानची पहिली टर्बो प्रवासी गाडी ठरली.

मग फोटोत ओळखायचं कसं? आधी मागचं चाक बघा. जीटीच्या मागच्या मडगार्डवर लाटेसारखी एक कड धावते, तिला 'सर्फ लाइन' म्हणतात. जीटी-आरमध्ये रुंद टायरसाठी चाकाची कमान वर कापली आहे आणि ती कड तिथे तुटते. हार्डटॉप जीटी-आरला त्या कमानीवर काळी झालरही बसवलेली असते. पण ही खूण पुरेशी नाही. कमान कापणं, झालर लावणं, जीटी-आरचा लाल बिल्ला चिकटवणं ही कामं कुठलाही चांगला पत्रेवाला करतो, आणि जपानात हौशी लोक ती पन्नास वर्षं करत आले आहेत. अशा कित्येक गाड्यांच्या पोटात एल घराण्यातलंच २.८ लिटरचं एल-२८ धडधडत असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. मालक स्वतःच हसून सांगतो, आणि पळायलाही ती गाडी मागे नसते.

विकत घ्यायची वेळ आली तर मात्र बोनेट उघडून ओळखपट्टी वाचावी. सेदान असेल तर जीसी१० म्हणजे जीटी, पीजीसी१० म्हणजे जीटी-आर. हार्डटॉपला दोन्हींच्या आधी 'के' लागतो. सगळा पैसा त्या एका 'पी'चा.