लिव्हर मशीनवर एस्प्रेसो : आधी दळण, मग हात

लिव्हर मशीनसोबतच्या, म्हणजे दांड्याच्या कॉफी मशीनसोबतच्या, पुस्तिकेत पाणी कुठपर्यंत भरायचं, वाफेची तोटी कशी उघडायची, सगळं दिलेलं आहे. ‘मशीन उत्तम आहे, मग कॉफी अशी का येते?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नाही. आमच्याकडे हा प्रश्न सतत येतो, म्हणून हे वेगळं माहितीपत्रक. ‘दाब बनत नाही’ म्हणून दुरुस्तीला आलेली पुष्कळ मशीनं ठणठणीत निघतात. दुरुस्त करायचं असतं ते ग्राइंडरचं सेटिंग.

घड्याळ बरोबर, चव चुकीची

पंपाच्या मशीनवर दळण जाडसर झालं तर कॉफी भसाभस खाली येते आणि चूक लगेच डोळ्यांना दिसते. हाताने दाबायच्या लिव्हरवर ती दिसत नाही, कारण हात ती झाकून टाकतो. विरोध कमी लागला की आपण नकळत हलकं दाबतो. घड्याळात ३० सेकंद भरतात, कपात ३० ग्रॅम कॉफी उतरते, आकडे अगदी नेमके. प्यायल्यावर मात्र कॉफी पातळ आणि आंबट लागते. एस्प्रेसोला साधारण ८ ते ९ बार दाब लागतो; त्या ३० सेकंदांत तो जेमतेम तीन-चार बार असतो.

दळण फार बारीक असलं तर उलटं होतं. माणूस दांड्यावर अंगाचा भार टाकतो, कॉफी थेंबथेंब आणि काळीकुट्ट येते. नाहीतर दाबून बसवलेल्या कॉफीच्या चकतीला कुठेतरी भेग पडते आणि सगळं पाणी तिथूनच निसटतं. मग एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही.

म्हणून वेळ आणि वजन मोजाच, पण नुसत्या घड्याळावरून दळण ठरवू नका. दळणाची चूक दंडाच्या जोराने भरून काढता येत नाही.

हाताला १५ किलो ओळखायला शिकवा

पाणी ढकलणाऱ्या ५० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ९ बार दाब आणायचा तर त्यावर सुमारे १८० किलोचा भार पडावा लागतो. दांडा लांब असल्यामुळे हाताला त्याचा थोडाच हिस्सा द्यावा लागतो. बहुतेक घरगुती मशीनवर तो १२ ते २० किलोच्या आसपास येतो. ग्रुपवर, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या मशीनच्या पुढच्या भागावर, दाबमापक बसवलेला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मशीन बंद आणि पूर्ण थंड असताना ते माणसांच्या वजनकाट्यावर ठेवा. दांडा अगदी खाली, टेकलेला असू द्या. आता काटा मशीनच्या वजनापेक्षा १५ किलो जास्त दाखवेपर्यंत दांडा दाबा आणि तसाच धरून ठेवा. चार-पाच वेळा केलं की हाताला तो जोर कळतो. हे स्प्रिंग नसलेल्या, थेट हाताने दाबायच्या मशीनपुरतं आहे.

दळण तपासायची खरी जागा

लिव्हरच्या शॉटमध्ये, म्हणजे एका वेळची कॉफी काढताना, एक टप्पा असा आहे की त्यात तुमच्या हाताचा काहीच भाग नसतो. दांडा वर नेला की बॉयलरच्या स्वतःच्या दाबाने पाणी कॉफीवर येतं. हा दाब साधारण ०.८ ते १ बार असतो आणि मशीन नीट तापलं असेल तर रोज तेवढाच राहतो. या प्री-इन्फ्युजनमध्ये, म्हणजे जोर देण्याआधी कॉफी भिजते तेव्हा, पहिला थेंब कधी दिसतो, ते बघा. आमच्या मते दळण ठरवायला यापेक्षा भरवशाची खूण नाही.

पाच ते दहा सेकंदांत बास्केटच्या (कॉफी भरायच्या जाळीच्या वाटीच्या) तळाशी दोन-चार थेंब जमले तर दळण जवळपास बरोबर आहे. दोन-तीन सेकंदांतच धार लागली तर जाड आहे. हाताने कितीही सांभाळलं तरी तो शॉट सुधारणार नाही. पंधरा सेकंदांनंतरही काहीच नसेल तर दळण जास्त बारीक आहे किंवा कॉफी जास्त भरली आहे. चांगलं दळण चिमटीत धरलं की बोटांना बारीक कण लागतात, आणि चिमटी सोडल्यावरही ते क्षणभर एकमेकांना धरून राहतात. हा नुसता अंदाज. निर्णय थेंबावरून घ्या.

ही खूण खरी ठरायला बॉयलरचा दाब खरा हवा. मशीन तापताना आत अडकलेली हवाही बॉयलरच्या दाबमापकाचा काटा वर ढकलते, त्यामुळे दाब दिसतो पण पाणी पुरेसं तापलेलं नसतं. काटा पहिल्यांदा वर आला की वाफेची तोटी काही सेकंद उघडून हवा जाऊ द्या, काटा पुन्हा चढू द्या, मगच कॉफी दळायला घ्या.

ग्राइंडर हलवताना

डोस, म्हणजे कॉफीची मात्रा, आधी पक्का करा. ५० मिलिमीटरच्या आसपासच्या दुहेरी बास्केटमध्ये १४ ते १६ ग्रॅम कॉफी मावते. कॉफी टॅम्प करून, म्हणजे दाबून, पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेला मुठीचा भाग) कोरडाच लावा आणि लगेच काढा. चकतीवर वरच्या जाळीचा ठसा उमटला असेल तर अर्धा ग्रॅम कमी करा. पाणी आल्यावर कॉफी फुगते, तिला जागा लागते. डोस ठरला की दळण लागेपर्यंत त्याला हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

बारीक करायचं असेल तर ग्राइंडर चालू असताना करा, म्हणजे पात्यांमध्ये दाणे दाबले जात नाहीत. बदल अगदी थोडा करा. त्यानंतरची पहिली दोन-तीन ग्रॅम कॉफी टाकून द्या, कारण ती आधीच्या सेटिंगची असते. हे टाकून देणं अनेकांच्या जिवावर येतं, आणि मग ‘सेटिंग बदललं तरी फरक नाही’ असं वाटतं. ग्राइंडरला ठरावीक खाचा असतील आणि एका खाचेवर जाड, पुढच्या खाचेवर फार बारीक असं होत असेल, तर बारीक खाच ठेवून डोस अर्धा ग्रॅम कमी करा.

कॉफी बास्केटमध्ये पडल्यावर बारीक सुईने गुठळ्या मोडून सारखी पसरा. टॅम्प सपाट हवा. जोर किती, हे त्यामानाने गौण आहे. तिरक्या टॅम्पला लिव्हर अजिबात माफ करत नाही.

दांडा हातात घेतल्यावर

थेट लिव्हर : दांडा सावकाश वर न्या, वर पोचल्यावर थांबा, पहिले थेंब दिसू द्या. मग दोन-तीन सेकंदांत हळूहळू जोर वाढवून शिकलेल्या १५ किलोवर या. शेवटच्या एक-तृतीयांश भागात चकती सैल होते आणि धार फिकट व्हायला लागते. तिथे जोर थोडा सोडा. मध्येच दांडा झटक्यात वर नेऊ नका, त्याने चकती खालून उचलली जाते आणि तुटते. १५ ग्रॅम कॉफीतून ३० ग्रॅम एस्प्रेसो, ही सुरुवात चांगली आहे. सिलिंडरमध्ये पाणीच बेताचं मावतं, त्यामुळे एका दांड्यात याहून फार जास्त मिळत नाही. तेवढं झालं की कप बाजूला घ्या, दांडा शेवटपर्यंत पिळू नका.

स्प्रिंगची लिव्हर : इथे दांडा खाली नेल्यावर स्प्रिंग दाबली जाते आणि पाणी येतं, कॉफीवरचा दाब स्प्रिंग देते. १९४८च्या सुमारास मिलानमध्ये अकिले गाज्जा यांची लिव्हर मशीनं आली, त्यांचं तत्त्व हेच. त्याआधीची वाफेची मशीनं दीड-दोन बारपर्यंतच जात. आज आपण जिला क्रेमा म्हणतो ती साय या वाढलेल्या दाबामुळेच कपात आली. स्प्रिंगचा दाब सुरुवातीला जास्त असतो आणि शेवटी जवळपास निम्म्यावर येतो. त्याला मदत करायला जाऊ नका. दांडा खाली धरून पहिल्या थेंबांची वाट बघा, मग हाताने साथ देत सोडा. तो भरभर वर जात असेल तर दळण बारीक करा.

उष्णता

१ बार दाबावर बॉयलरमधलं पाणी सुमारे १२० अंशांचं असतं. ते कॉफीपर्यंत ९०–९५ अंशांवर येतं, कारण ग्रुपचं धातू त्याची उष्णता घेतं. लागोपाठ तीन-चार शॉट काढले की ग्रुप स्वतःच तापतो आणि दळण तेच असूनही कॉफी जळकी लागते. अशा वेळी दळण बदलू नका. पोर्टाफिल्टर काढून ग्रुपला थोडा वेळ निवू द्या किंवा त्यावर ओलं फडकं धरा. दिवसाचा पहिला शॉट आंबट आणि पुढचा बरा, असं होत असेल तर ग्रुप थंड होता. त्यासाठी आधी एकदा नुसतं गरम पाणी काढा. हलक्या भाजणीच्या कॉफीला उष्णता आणि प्री-इन्फ्युजन दोन्ही जास्त लागतात. गडद भाजणीला दोन्ही कमी.

भाजून फार दिवस झालेली कॉफी पाणी भराभर सोडते, म्हणून पाकीट संपत येईल तसं दळण किंचित बारीक करत न्यावं लागतं. मशीन बिघडल्याचं ते लक्षण नाही.

हे कधीही करू नका

दळण बारीक होऊन कॉफी अडकली तर पोर्टाफिल्टर लगेच काढू नका. आत दाब असतो. गरम पाणी आणि चोथा अंगावर उडून भाजू शकतं. काही मिनिटं थांबा, दाब उतरू द्या, मग कपडा धरून हळूहळू फिरवा. स्प्रिंगच्या मशीनवर पोर्टाफिल्टर रिकामा असताना किंवा लावलेलाच नसताना दांडा खालून सोडू नका. विरोध नसला की तो जोरात उसळतो आणि तोंडावर बसतो. लहान मुलं आसपास असतील तर दांडा खाली धरून ठेवलेला असताना लक्ष दुसरीकडे नेऊ नका. बॉयलरचं झाकण गरम असताना उघडू नका, आणि पाणी तळाला गेलेलं असताना मशीन चालू ठेवू नका.

आम्हाला विचारताना

एवढं करूनही जमत नसेल तर जरूर विचारा. डोस किती, कपात किती ग्रॅम, पहिला थेंब कितव्या सेकंदाला दिसला, काटा किती बार दाखवत होता आणि कॉफी कधी भाजलेली आहे, हे लिहून ठेवा. चकतीचा फोटो काढता आला तर उत्तम, काठाशी भोक किंवा भेग असेल तर आम्हाला त्यातच कळतं. दांडा दाबताना पिस्टनच्या वरून पाणी गळत असेल तर मात्र दळणाच्या मागे लागू नका. सील झिजलेलं असतं, ते आम्हीच बदलून देऊ.