हाडाचा नट आणि हाडाचं सॅडल यांत गल्लत करू नका

गिटारवाल्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: “बोन टाकून घे, आवाज खुलेल.” बोन म्हणजे हाडाची पट्टी, इथपर्यंत ठीक. पण टाकायची कुठे? हे विचारलं की सल्ला देणारा गिटारवर हवेतल्या हवेत हात फिरवतो. मग पोरगं दुकानात जातं, दुकानदार वरची पट्टी, म्हणजे नट, बदलून देतो, आणि पोरगं चारजणांना सांगत सुटतं की गिटार आता वेगळीच वाजते. वाजणारच. त्याच फेरीत तारा नव्या घातल्यात ना!

सॅडल कुठलं हे वाजवणाऱ्याला सांगायला नको. खाली ब्रिजच्या, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या, खाचेत जराशी तिरकी बसवलेली पट्टी. तारेची थरथर तिच्यातून ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते. नट त्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, सहा खाचांचा. दोन्ही पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणी, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा हाडाच्या मिळतात, आणि दोन्हींवर तारा टेकतात. म्हणून लोकांना वाटतं की कामही सारखंच असणार.

तसं नाही. तुम्ही तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबता त्या क्षणी नट खेळातून बाद होतो. वाजणारी तार आता फ्रेटपासून सॅडलपर्यंत. बोटाच्या पलीकडचा, नटाकडचा तुकडा तुमच्याच बोटाने गप्प केलेला असतो. नट हाडाचा असो, पितळेचा असो की दाराच्या पाचरीचा, त्या स्वराला त्याचं सोयरसुतक नाही. सॅडल मात्र प्रत्येक स्वरात हजर: खुली तार असो, पाचवा फ्रेट असो, बारावा असो.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, घेऊन बघा. नेहमीचा जी धरला, तिन्ही बोटांचा, तर मधल्या तीन तारा खुल्या राहतात. म्हणजे नटाचा संबंध सहापैकी तीन तारांशी. सी धरला तर दोन तारांशी. आणि पूर्ण बारे लावून, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून, एफ धरला तर शून्य. त्यामुळे “नट बदलल्यावर माझा एफ किती भरदार वाजायला लागला” असं कोणी सांगितलं की मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

खात्री करायला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा, पुरे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की तुमचा खरा नट म्हणजे तो फ्रेट. नव्या नटाने आलेली जादू कॅपो लावल्यावरही ऐकू येत असेल, तर ती नटाची नव्हे. मी एकदा हट्टाने जुन्याच तारा सैल करून फक्त नट बदलला, प्लास्टिकचा काढून हाडाचा. खुल्या तारांना किंचित धार आली, तीही कान देऊन ऐकली तर. कॅपो लावल्यावर आधीच्यात आणि आताच्यात मला काही फरक सांगता आला नाही.

हा गैरसमज आपल्याकडे पक्का रुजण्यामागे तानपुराही असावा असं मला वाटतं. तानपुऱ्याच्या तारा कायम खुल्याच वाजतात, त्यामुळे तिथे दोन्ही टोकं सतत कामावर असतात. तो कान घेऊन माणूस गिटारकडे आला की दोन्ही टोकांना सारखाच मान देतो. खरं तर मिरजेचे कारागीर जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढायला बसतात तेव्हा तासन् तास खपतात ते घोडीवर, खालच्याच टोकाला.

पण म्हणजे नट निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त त्याचं काम टोनचं कमी आणि उंचीचं जास्त. नटाच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. मग ती दाबायला जोर लागतो आणि दाबताना ताणली जाऊन स्वर चढतो. नवशिके एफला रडतात, क्लासमध्ये त्यांना “रियाज वाढव” सांगतात, आणि दोष असतो खाचेच्या दोन-तीन दशांश मिलिमीटरचा! हाच एफ तिसऱ्या फ्रेटवर सरकवून जी म्हणून धरा. तिथे सहज लागत असेल तर बोटांना नाही, नटाला दुरुस्ती हवी. उलट खाच जास्त खोल गेली की खुली तार खरखरते आणि दाबलेली स्वच्छ वाजते. तेव्हा हाडाची भुकटी आणि फेविक्विकने खाच भरून ती पुन्हा कोरतात. आणखी एक दोष: खाचेचा उतार खुंट्यांकडे न जाता उलटा झाला, तर तार खाचेच्या कडेवर घासते आणि गिटार सतारीसारखी झणझणते. सतारीत ती जवारी कमावलेली असते, इथे डोकं उठवते. सूर लावताना “टिंग” असा आवाज येऊन तार उडी मारत असेल तर मात्र ती खाचेत अडकते आहे; पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, बहुतेक वेळा भागतं.

आता सॅडल. टोनसाठी पैसे घालायचेच असतील तर इथे घाला, पण हाड की टस्क की मायकार्टा (ही दोन्ही कृत्रिम) यावर रात्र जागवू नका. आधी बूड बघा. सॅडलचं बूड ब्रिजच्या खाचेत सपाट टेकलेलं हवं आणि पट्टी खाचेत डुगडुगता कामा नये. स्वस्त गिटारींत पोकळ प्लास्टिकचं सॅडल येतं, तारांच्या ताणाने पुढे झुकलेलं. लाइट गेजच्या, म्हणजे पातळ, सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोंच्या वर जातो, त्यामुळे झुकायला फार वेळ लागत नाही. ते काढून नीट बसणारं भरीव सॅडल टाकलं की फरक कोणालाही कळतो. पण हाडाचं सॅडल सैल बसलं, तर घट्ट बसलेलं प्लास्टिक त्याला हरवतं. खाली पिकअप (तारेची थरथर स्पीकरकडे पाठवणारी पट्टी) असेल तर बूड आणखी महत्त्वाचं, नाहीतर एखादी तार स्पीकरमधून मुकीच येते.

उंचीचं गणित लोक इथेही चुकवतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. त्यामुळे सॅडल 1 मिलिमीटर घासलं तर तिथली तार अर्धा मिलिमीटरच उतरते. 3 वरून 2.5 वर यायचं तर पूर्ण एक मिलिमीटर जायला हवा. घासायचं खालून, काचेवर पॉलिश पेपर ठेवून, सरळ. आणि फार घासू नका: सॅडल बुटकं झालं की पिनेकडे, म्हणजे तार ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या खिळीकडे, जाताना तारेला वाक उरत नाही, सॅडलवरचा दाब घटतो, आवाज मिळमिळीत होतो.

ब्रिज पिना? पितळी पिनांनी “सस्टेन”, म्हणजे स्वर टिकून राहणं, वाढतो म्हणून त्या विकल्या जातात. त्यांनी ब्रिजचं वजन वाढतं, एवढं नक्की. हलक्या फळीच्या गिटारला ते ओझं मला मानवत नाही. पिनेचं काम तारेचा गोळा आतल्या पाटीला टेकवून धरण्याचं. तो तिथे टेकला आहे ना, हे बोट घालून बघा, प्लास्टिकच्या पिना चालतील. महागड्या खुंट्यांनी सूर लावणं सोपं जातं, टोनचं नाव मला सांगू नका.

एक शेवटची गोष्ट, कोकणपट्टीतल्या लोकांसाठी खास. पावसाळ्यात फळी ओल धरून फुगते आणि तारा उंच होतात. नेमक्या जुलैत सगळे सॅडल घासून घ्यायला धावतात. घासायचंच असेल तर नवीन पट्टी घासून घ्या आणि जुनं सॅडल कारागिराकडून परत मागून गिटारच्या कव्हरच्या खिशात टाका. जानेवारीत फळी बसली आणि तारा खरखरायला लागल्या की तेच परत चढवता येतं.