गुहेतल्या काळोखात संध्याकाळ कशी कळते?

हिप्पोसायडेरॉस स्पीओरिस हे भारत आणि श्रीलंकेतच आढळणारं, किडे खाणारं छोटं वटवाघूळ. १८०० साली श्नायडर या जर्मन निसर्गअभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जवळून पाहिलं तर आधी नाकच भरतं डोळ्यांत: नाकपुड्यांभोवती कातडीची पानं, शिवाय दोन्ही बाजूंना तीन-तीन जादा पाकळ्या. प्रतिध्वनीवरून किडा हेरायची साद याच नाकातून निघते, सुमारे १३० किलोहर्ट्झची. आपले कान २० किलोहर्ट्झलाच थकतात! किडा हलला की झडप. निपचित बसलेला समोर असूनही सुटतो.

पण या वटवाघळाचं नाव झालं ते त्याच्या शरीरातल्या घड्याळामुळे. जर्मनीत ट्युबिंगनला जीवशास्त्रज्ञ ब्युनिंग यांच्याकडे जैविक घड्याळांवर काम करून आलेले एम. के. चंद्रशेखरन १९७० च्या दशकात मदुराई कामराज विद्यापीठात रुजू झाले. आसपासच्या टेकड्यांत गुहा होत्या आणि गुहांत ही वटवाघळं. जिथे उजेड पोचतच नाही तिथे टांगलेल्या जिवाला बाहेर दिवेलागण झाल्याचं कळतं कसं?

मारिमुथु, राजन आणि चंद्रशेखरन यांनी एकेक वटवाघूळ पिंजऱ्यात घालून वसाहतीच्या गुहेत ठेवलं. त्याला बाहेर जाता येत नव्हतं, तरी भाईबंद निघायच्या वेळी तेही फडफडू लागे. रिकाम्या गुहेत ठेवलेल्याचं घड्याळ मात्र २४ तासांपासून रोज थोडं सरकत गेलं. म्हणजे वेळ सांगत होती ती वसाहत. हा निष्कर्ष १९८१ मध्ये छापून आला. मला याहून आवडतो तो १९८३ चा पुढचा प्रयोग: त्याच गुहेत वेगळ्या कुळातलं वटवाघूळ ठेवलं, तर शेजाऱ्यांच्या गडबडीचा त्याच्या घड्याळावर काही परिणाम झाला नाही. वेळ विचारायची ती आपल्याच माणसांना.

मग वसाहतीला वेळ कोण सांगतं? संध्याकाळी काही जणं गुहेच्या तोंडाशी घिरट्या घालून उजेडाचा अंदाज घेतात, परत आत जातात, आणि पुरेसं अंधारल्यावरच बाहेर पडतात. उजेडाला हे घड्याळ किती हळवं, ते १९८४ मध्ये जोशी आणि चंद्रशेखरन यांनी दाखवलं: अर्ध्या मिलिसेकंदाचा प्रखर झोतही ते पुढेमागे करू शकतो. हीच जात महाराष्ट्रातल्या गुहांतही आहे, आणि मोबाइलचा फ्लॅश तर अर्ध्या मिलिसेकंदाहून कितीतरी जास्त वेळ चमकतो.