शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणे
उत्स्फूर्त अभिनयाच्या वर्गाला येणाऱ्या नटनट्यांसाठी माहितीपत्रक

वर्गाची चौकशी करताना बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात: "मला ऐन वेळी काही सुचत नाही, मग हे जमेल का?" जमेल. पुढचे वाक्य सुचते कुठून हे एकदा कळले की ही भीती बरीच कमी होते. समोरचा नट बोलतो, थबकतो, खुर्ची मागे ढकलतो, नजर चुकवतो, आणि तुमचे पुढचे वाक्य त्यातूनच मिळते. ज्याला काही सुचत नाही तो बहुधा स्वतःच्याच डोक्यात शोधत बसलेला असतो. तेवढ्या वेळात समोरून आलेल्या दोन-तीन गोष्टी त्याच्या हातून निसटलेल्या असतात.

मराठीत काम करणाऱ्याला तर ऐकण्यावाचून गत्यंतरच नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून. "तू पाठवलेलं पत्र मी उघडून वाचलं" इथवर ऐकून ज्याने तोंड उघडले, त्याला मागून आलेले "नाही" ऐकूच येत नाही. मग एका नटाच्या लेखी पत्र वाचले गेले आहे, दुसऱ्याच्या लेखी ते अजून पाकिटात आहे, आणि प्रवेश तिथेच दुभंगतो. म्हणून सुरुवातीच्या सत्रांत आमचा भर शेवटच्या शब्दापर्यंत थांबण्यावर असतो.

सत्राची रचना

एक सत्र अडीच तासांचे असते. पहिली २५ मिनिटे शरीर आणि आवाज मोकळा करण्यात जातात, पुढची ४० मिनिटे लक्षाचे खेळ, मग एक तास प्रवेश आणि शेवटची २५ मिनिटे झालेल्या कामावर बोलणे. गट ८ ते १४ जणांचा. त्याहून कमी असले तर त्याच त्या जोड्या पुन्हा पुन्हा समोर येतात आणि नटांना एकमेकांच्या सवयी पाठ होतात. १४ च्या वर गेले की बसून बघण्यातच वेळ जास्त जातो.

यातले बरेच खेळ अमेरिकन नाट्यशिक्षिका वायोला स्पोलिन यांच्या कामातून आले आहेत. त्यांनी ते शिकागोत मुलांसोबत आणि हौशी नटांसोबत काम करताना विकसित केले आणि १९६३ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. पात्रांमधल्या उच्च-नीचतेचा, म्हणजे ज्याला आम्ही 'स्टेटस' म्हणतो त्याचा अभ्यास नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी आधी लंडनमध्ये आणि नंतर कॅनडातल्या कॅलगरीत केला. संहितेशिवाय काम करणे मात्र फार जुने आहे. सोळाव्या शतकातल्या इटालियन मंडळ्या कथानकाचा आराखडा पडद्यामागे टांगून ठेवत आणि संवाद रंगमंचावर रचत.

लक्षाचे खेळ

टाळी पुढे देणे हा पहिला खेळ. सगळे गोलात उभे राहतात. देणारा शेजाऱ्याकडे पूर्ण वळतो, दोघांची नजर मिळते आणि दोघांची टाळी एकाच क्षणी वाजते. मग घेणारा पुढच्याकडे वळतो. दोन आवाज ऐकू आले तर कोणीतरी नजर मिळण्याआधीच टाळी वाजवली, हे नक्की. गट अशा वेळी वेग वाढवून चूक झाकू पाहतो. आम्ही वेग निम्म्यावर आणतो.

१ ते २० मोजणे याहून अवघड. सगळे खाली बघतात, कोणीही पुढचा आकडा बोलू शकतो, दोघे एकदम बोलले की पुन्हा १ पासून. क्रम ठरवायचा नाही, खूण करायची नाही. नवा गट बहुतेकदा ५-६ च्या आसपास अडकतो, कारण प्रत्येक जण आपला आकडा कधी टाकायचा याच्या विचारात असतो. शेजाऱ्याने बोलण्यासाठी घेतलेला श्वास ऐकू यायला लागला की आकडा पुढे सरकतो. इथे कमावलेला कान पुढे प्रवेशातही उपयोगी पडतो.

आरशाच्या खेळात दोघे दीड हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात. दोन मिनिटे एक हालचाल करतो आणि दुसरा आरसा होतो, मग अदलाबदल, आणि शेवटची दोन मिनिटे नेता कोणीच नाही. नजर समोरच्याच्या हातावर ठेवली तर आरसा नेहमी मागे पडतो. ती डोळ्यांवर किंवा छातीवर ठेवायची, हात कडेच्या नजरेला दिसतात. समोरच्याला चकवण्यासाठी झटके देणाऱ्याला आम्ही लगेच थांबवतो. आरसा फुटला तर चूक नेत्याची धरली जाते.

होकार

इम्प्रोव्ह, म्हणजे उत्स्फूर्त अभिनय, शिकवताना सर्वात जास्त गैरसमज 'हो म्हणा' या नियमाबद्दल होतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

समजा, एक नट येऊन म्हणतो, "दादा, आईने किल्ली तुझ्याकडे दिली होती ना?" या एका वाक्यात तीन गोष्टी मिळाल्या: आपण भाऊ आहोत, आई आहे, किल्ली माझ्याकडे आहे. "कोण दादा? मी तुला ओळखत नाही" असे उत्तर आले तर तिन्ही गोष्टी मेल्या. बघणाऱ्यांत कदाचित हशा पिकेल, पण समोरचा नट एकटा पडेल आणि पुढची दोन मिनिटे दोघेही खड्डा बुजवत बसतील.

"दिली होती. म्हणून तर दोन तास जिन्यात बसलोय, दार उघडायचं धाडस होत नाही." यात तिन्ही गोष्टी मान्य झाल्या आणि चौथी जोडली गेली.

आता तिसरे उत्तर पाहा: "दिली होती. पण तुला मिळणार नाही." हाही होकारच आहे. पात्राने नकार दिला, नटाने मात्र सगळी परिस्थिती स्वीकारली. होकार परिस्थितीला द्यायचा असतो, पात्राच्या मागणीला नाही. हा फरक न कळलेल्या वर्गांत सगळे प्रवेश गोडगोड होतात, कोणीच कोणाला अडवत नाही आणि नाट्य उरत नाही. आम्ही हा सराव तीन फेऱ्यांत घेतो. पहिल्या फेरीत प्रत्येक वाक्य "नाही" ने सुरू होते, दुसरीत "हो, पण" ने, तिसरीत "हो, आणि" ने. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची. "हो, पण" ची फेरी सर्वात शिकवणारी ठरते, कारण वरून होकार वाटणारा नकार आपण किती सहज देतो हे तिच्यात उघडे पडते.

पहिली तीन वाक्ये

कोण, कुठे आणि दोघांत काय चालले आहे, हे पहिल्या तीन वाक्यांत ठरले पाहिजे. भाषा इथे भरपूर मदत करते. "अहो, ऐकलंत का?" आणि "ए, ऐक ना" यांत नाते अर्धे उभे राहते. चेहऱ्याला काही न लावता "मी आले" म्हणणारा पुरुष नट त्या क्षणी स्त्री झालेला असतो. समोरच्याने ते कानाआड केले तर प्रेक्षक त्याला माफ करत नाहीत. प्रवेशाच्या मध्येच "तुम्ही" चे "तू" झाले तर ती घटना आहे. तोंडून चुकून गेले तरी मागे घेऊ नका, समोरच्या पात्राला ते लागू द्या.

या टप्प्यावर दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, प्रश्न. "काय करतोयस?" "कोण आलंय?" असे विचारून नट सगळा भार दुसऱ्यावर टाकतो. आम्ही दहा-पंधरा मिनिटे प्रश्नच बंद ठेवतो. "काय करतोयस?" ऐवजी "पुन्हा ते पत्र फाडायला घेतलंस" म्हणायला भाग पाडले की नट स्वतःचा वाटा उचलू लागतो. दुसरी अडचण, गैरहजर माणसे. दोघे उभे राहून तिसऱ्याबद्दल किंवा कालच्या प्रसंगाबद्दल बोलत राहतात. ज्याच्याबद्दल बोलावेसे वाटते ते पात्र तुम्ही स्वतःच व्हा, आणि कालचा प्रसंग आत्ता घडू द्या.

स्टेटस

पत्त्यांच्या कॅटमधून प्रत्येकाला एक पत्ता मिळतो, दुर्री सर्वात खालची आणि राजा सर्वात वरचा. पत्ता न दाखवता पाच मिनिटे एखाद्या लग्नघरात किंवा कचेरीत वावरायचे आणि शेवटी सगळ्यांनी अंदाजाने क्रमाने उभे राहायचे. राजा आणि दुर्री लगेच ओळखू येतात, मधल्या सत्ती-अठ्ठीत गोंधळ होतो. खरे काम त्या मधल्यांतच आहे.

खुणा बारीक असतात. बोलताना डोके स्थिर ठेवले की माणूस वरचा वाटतो. हात चेहऱ्याकडे जात राहिला की खाली येतो. वाक्याआधीचा तुटका "अं" खाली आणतो, लांबवलेला "अंऽऽऽ" समोरच्याला थांबवून धरतो आणि वर नेतो. पद आणि स्टेटस एकच समजू नका. साहेबासमोर निवांत बसलेला शिपाई वरचा असू शकतो. समोरच्यापेक्षा एकच पायरी वर किंवा खाली राहायचा प्रयत्न करा. अंतर मोठे झाले की नट ठोकळेबाज होतो, एकाच पायरीचे ठेवले की प्रत्येक वाक्य काटेतोल पडते.

न दिसणाऱ्या वस्तू

पेला उचलताना हात पेल्याच्या रुंदीइतका उघडतो, वस्तूजवळ थांबतो, मग बोटे टेकतात, वजन येते आणि मगच हात वर जातो. घाईत 'थांबतो' ही पायरी गळते आणि पेला हवेतून उगवतो. ठेवतानाही आधी बोटे सुटली पाहिजेत, मग हात मागे. बोलताना हातवारे केले की हातातला पेला नाहीसा होतो, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. टेबलाची उंची आपल्या शरीरावर मोजून ठेवा, उदाहरणार्थ कमरेचे हाड, म्हणजे पाच मिनिटांनंतरही टेबल तेवढ्याच उंचीवर राहील. सहकलाकाराने जिथे दार उघडले, ते दार तुमच्यासाठीही तिथेच आहे.

संहितेकडे परत

आमच्याकडे येणारे बहुतेक नट लिखित नाटकांत किंवा कॅमेऱ्यासमोर काम करतात, म्हणून हा भाग महत्त्वाचा. आम्ही दोन प्रकारे जोडणी करतो. नाटकात न दाखवलेला प्रसंग, म्हणजे प्रवेश सुरू होण्याच्या तासभर आधी काय झाले, तो १० मिनिटे उभा करायचा. किंवा लिखित प्रवेशच स्वतःच्या शब्दांत करायचा. कोणत्याही प्रकारात दोनपेक्षा जास्त वेळा नाही, आणि त्याच दिवशी, त्याच सत्रात लेखकाच्या शब्दांवर परत यायचे. हे पथ्य मोडले की स्वतःची वाक्ये संहितेत झिरपतात, "म्हणजे", "अगं पण", "बघ ना" अशी भर पडते आणि लेखकाने जपलेली लय जाते. संहितेचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा आला पाहिजे, याबाबत आम्ही आग्रही आहोत. प्रयोग तोंडावर आला असेल आणि पाठांतर कच्चे असेल, तर स्वतःच्या शब्दांचा सराव टाळा. त्या वेळी तो घात करतो.

कॅमेऱ्यासमोर वेगळी काळजी लागते. दोघांचे आवाज एकमेकांवर चढले की संकलनात वाक्ये वेगळी करता येत नाहीत. पेला कोणत्या शब्दावर उचलला ते लक्षात ठेवा, पुढच्या टेकमध्ये तो तिथेच उचलावा लागेल. आणि संवाद संपला तरी "कट" ऐकू येईपर्यंत पात्रात राहा.

प्रवेश चालू असताना प्रशिक्षक बाजूने सूचना देतात: "पेला हातात आहे", "हळू", "शेवटपर्यंत ऐक". सूचना मिळाली की थांबायचे नाही, प्रशिक्षकाकडे बघायचे नाही, सूचना कामात मिसळायची. पहिल्या दोन सत्रांत हे बहुतेकांना जड जाते.

घरचा सराव

रोज १५ मिनिटे पुरतात. एकटे असाल तर खोलीत तीनदा प्रवेश करा, दर वेळी बाहेर काय घडले ते वेगळे ठरवून, एकही शब्द न बोलता. जोडीदार असेल तर शेवटच्या शब्दाचा खेळ खेळा: समोरच्याचे वाक्य ज्या शब्दावर संपले, त्याच शब्दाने तुमचे वाक्य सुरू करायचे. "तू कालही विसरलास." "विसरलास म्हणतेस, पण सांगितलं कधी होतंस?" वाक्य आधीच तयार ठेवणाऱ्याला हा खेळ खेळताच येत नाही.

येताना

सैल कपडे, अनवाणी किंवा पातळ तळव्याचे बूट, पाण्याची बाटली. अंगठ्या, कडी, लांब कानातले काढून ठेवा. सत्रापूर्वी दोन तास भरपेट खाऊ नका. गुडघा, पाठ, खांदा यांची दुखापत असेल तर सुरुवातीलाच सांगा, खेळ त्याप्रमाणे बदलता येतात.

स्पर्शाबद्दल प्रत्येक जोडी प्रवेशाआधी बोलून घेते: कुठे चालेल, कुठे नाही. मारामारी फक्त संथ गतीत, आणि उचलणे-ढकलणे आधी ठरवल्याशिवाय नाही. "थांबा" हा शब्द कोणत्याही पात्राचा नसतो. तो उच्चारला की काम त्या क्षणी थांबते आणि कारण विचारले जात नाही. स्वतःच्या आयुष्यातला ताजा आघात प्रवेशात आणू नका. तो आणला की सहकलाकाराला तुमच्याशी खेळता येत नाही, तो तुम्हाला सांभाळू लागतो.

वर्ग वेळेवर सुरू होतो. दहा मिनिटांहून उशीर झाल्यास त्या दिवशी बसून पाहता येईल, प्रवेशात भाग घेता येणार नाही, कारण शरीर मोकळे न करता संथ मारामारीत उतरलेल्यालाच बहुधा लचक भरते.