९.७६१५१८२ मधले आपले अंक किती?

दोऱ्याला टांगलेला धातूचा छोटा गोळा, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि स्टॉपवॉच. एवढ्या सामानावर पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण मोजता येतं. प्रयोगशाळेत होणाऱ्या प्रयोगांत मला हा अजूनही सगळ्यांत सुंदर वाटतो. समजा, लंबकाची लांबी ०.९९४ मीटर भरली आणि २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले. म्हणजे एका आंदोलनाला २.००५ सेकंद. आता पायच्या वर्गाची चौपट घ्यायची, तिला लांबीनं गुणायचं आणि आंदोलनकाळाच्या वर्गानं भागायचं. कॅल्क्युलेटर उत्तर दाखवतो: ९.७६१५१८२.

वहीत यातलं किती उतरवायचं?

पुष्कळ विद्यार्थी सगळंच उतरवतात, कारण जास्त अंक म्हणजे जास्त अचूक उत्तर असं मनात बसलेलं असतं. पण भौतिकशास्त्रात लिहिलेला प्रत्येक अंक हा एक दावा असतो. सातव्या दशांशस्थानावरचा तो २ खरा ठरायचा, तर लंबकाची लांबी दहाएक नॅनोमीटरपर्यंत ठाऊक हवी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि आपल्या पट्टीवर तर मिलिमीटरखाली खूणच नाही. मग तो २ आला कुठून? नुसत्या भागाकारातून. त्याचा पृथ्वीशी काही संबंध नाही.

मोजमापातले खात्रीचे सगळे अंक आणि त्यापुढचा पहिला शंकेचा अंक, एवढ्यांना सार्थ अंक म्हणतात. आपल्या लांबीत ते तीन आहेत, वेळेतही तीन. गुणाकार-भागाकारात ज्या मापात सार्थ अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात ठेवायचे. म्हणून ९.७६. वीस आंदोलनांतले २० इथे आड येत नाहीत, कारण ती मोजून घेतलेली संख्या आहे, तिच्यात शंकेला जागा नाही. सूत्रातला ४ तसाच. प्रकाशाच्या वेगाचंही आता तेच झालं आहे: १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी केली आहे की निर्वात पोकळीतला वेग सेकंदाला नेमका २९,९७,९२,४५८ मीटर ठरतो.

आता एक चूक मुद्दाम करून पाहू. वेळेत सार्थ अंक तीनच, मग आंदोलनकाळही आधीच तीन अंकांत आणून ठेवला तर? २.००५ चे २.०१ केले, तर उत्तर येतं ९.७१. २.०० केले, तर ९.८१. रीडिंग तीच, प्रयोग तोच, आणि उत्तरं मात्र दोन. त्यातलं दुसरं जास्त घातक, कारण ते पुस्तकातल्या आकड्याशी जुळतं. विद्यार्थी खूश होतो, पण ते जुळणं प्रयोगातून आलेलंच नसतं, मध्येच केलेल्या राउंड ऑफमधून आलेलं असतं. म्हणून मधल्या पायऱ्यांत एकदोन अंक जास्तीचे बाळगावेत आणि काटछाट फक्त शेवटी करावी. सार्थ अंकांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी ही ठेवायला सांगेन.

आणि ९.७६ मधला ६ तरी आपला आहे का? स्टॉपवॉचचं बटण माणूस दाबतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. घड्याळ शतांश सेकंद दाखवत असलं, तरी बोटाला तेवढी घाई जमत नाही. वेळेत ०.२ सेकंदांची शंका धरली, तर चाळीस सेकंदांत ती अर्धा टक्का झाली. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून ती दुप्पट होऊन उत्तरात एक टक्का होते, म्हणजे साधारण ०.१. तेव्हा खरं उत्तर ९.८ ± ०.१. सार्थ अंकांचा नियम हा शंकेचा झटपट अंदाज आहे, शंकेचा पुरा हिशेब नव्हे. आंदोलनं २० का मोजायची, हेही यातच कळतं. एकच मोजलं असतं, तर तेच ०.२ सेकंद दोन सेकंदांत दहा टक्के झाले असते.

शून्यांबद्दल थोडक्यात. ०.००४२ मध्ये सार्थ अंक दोनच, सुरुवातीची शून्यं फक्त जागा दाखवतात. ४.२० मध्ये मात्र तीन, कारण ते शून्य कुणीतरी मोजून लिहिलेलं आहे. ४२०० पाहून काहीच सांगता येत नाही. म्हणून ४.२ × १०³ किंवा ४.२०० × १०³ असं लिहितात, म्हणजे वाद उरत नाही.

एकक बदलतानाही न मोजलेले अंक आत शिरतात. शरीराचं तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ९८.९ दिसलं तरी काळजी वाटते. या आकड्याचं मूळ ३७ अंश सेल्सिअसमध्ये आहे. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून तो मांडला. नुसतं ३७ म्हटलं की ३६.५ ते ३७.५ मधलं काहीही आलं, म्हणजेच ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट. दशांशचिन्हानंतरचा तो ६ कुणा रुग्णाच्या अंगात नव्हता, तो रूपांतरानं आणला.

राउंड ऑफ करताना नेमका ५ आला तर काय, यावर वर्गात हमखास वाद होतो. नेहमी वरच ढकलायचं म्हटलं, तर पुष्कळ आकड्यांची बेरीज हळूहळू फुगत जाते. म्हणून शेजारचा सम अंक निवडायची रीत आहे: २.३५ आणि २.४५ दोन्हींचे २.४. हे फार काटेकोर वाटत असेल, तर व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचा निर्देशांक आठवावा. १९८२ मध्ये तो १००० पासून सुरू झाला. दर व्यवहारानंतर तीन दशांशांपुढचे अंक राउंड ऑफ न करता नुसते कापून टाकले जात. बावीस महिन्यांनी तो ५२४ वर उतरला होता, आणि बरोबर हिशेब केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

बेरीज-वजाबाकीत मात्र सार्थ अंक मोजत नाहीत, दशांशस्थानं पाहतात. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी तर अंक अक्षरशः गिळते. २५.४३ मधून २५.३८ गेले की उरतात ०.०५. चार अंकांचा एकच झाला.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यासमोर १८९० च्या दशकात अशीच वजाबाकी होती. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम भरत होता. रासायनिक संयुगांतून मिळवलेला १.२५०५. दोन अंकांत दोन्ही १.३, फरक शून्य. पाच अंकांत मोजल्यामुळे वजाबाकीनंतरही दोन उरले: ०.००६७. वजन करताना होणारी चूक याहून पुष्कळ लहान आहे, हे रॅले यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो फरक सोडला नाही. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारलं. पुढे विल्यम रॅम्से यांच्यासोबत त्यांनी १८९४ मध्ये हवेतल्या एका नव्या वायूची घोषणा केली. तो आरगॉन. १९०४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रॅले यांना मिळालं, रसायनशास्त्राचं रॅम्से यांना.

हा हिशेब आपणही करू शकतो. ‘हवेतल्या नायट्रोजन’मध्ये सुमारे १.२ टक्के आरगॉन असतो. त्याचा अणुभार ४०, नायट्रोजनचा रेणुभार २८. म्हणजे आरगॉन बारा-अठ्ठाविसांशांनी, सुमारे ४३ टक्क्यांनी जड. १.२ टक्क्यांचे ४३ टक्के म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि ०.००६७ ला १.२५०५ नं भागलं तरी येतं तेवढंच.