सार्वजनिक शौचालयांतील सेन्सर-देखरेख

सार्वजनिक शौचालयातील सांडपाणी तुंबून वर येण्याआधी आणि पाण्याची गळती वाढण्याआधी देखभाल कर्मचाऱ्यांना सूचना मिळावी, यासाठी चेंबर, टाक्या व नळजोडण्यांवर सेन्सर बसवून सतत मोजमाप घेण्याची ही पद्धत आहे. इंदूर महापालिकेच्या ‘इंदूर ३११’सारख्या तक्रार-ॲपवर नागरिकांची तक्रार येईपर्यंत घाण बहुधा फरशीवर पसरलेली असते, या पद्धतीचे खरे मोल त्याआधीचे काही तास हाती येण्यात आहे.

तुंबण्याची चाहूल घेण्यासाठी चेंबरच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. त्याच्या ध्वनिलहरी पाण्यावर आदळून परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून पातळी कळते. मोकळ्या वाहिनीत फ्लशनंतर पातळी क्षणभर चढते आणि लगेच उतरते. पुढे कपडा, सॅनिटरी पॅड किंवा मूत्रक्षारांचा थर अडकला असेल, तर उतरण्याचा वेळ दिवसागणिक लांबत जातो. म्हणून केवळ धोक्याची पातळी ठरवण्यापेक्षा या उतरण्याच्या वेळेवर नजर ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. फेस किंवा कोळ्याची जाळी आड आल्यास सेन्सर फसतो आणि सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे त्याचे धातूचे भाग गंजतात.

गळती मात्र बिनबोभाट चालते. फ्लशच्या टाकीतील बॉलकॉकचा वायसर झिजला की पाणी भांड्याच्या कडेने अखंड झिरपत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मिनिटाला 1 लिटर गळती म्हणजे दिवसाला 1,440 लिटर पाणी, आणि इंदूरला ते सुमारे 70 किलोमीटरवरील जलूद येथून, नर्मदेतून उपसून माळव्याच्या पठारावर चढवावे लागते. वापर थांबल्यावरही नळजोडणीवरचा पाण्याचा मीटर फिरत असेल तर गळती निश्चित समजतात. पण सरवटे बसस्थानकासारख्या रात्रभर वर्दळीच्या ठिकाणी अशी शांत वेळ मिळत नाही, तेथे प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटर लागतो.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या ओढाताणीत जमिनीखालच्या नळांचे सांधे निखळतात. सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी जवळजवळ असतील, तर अशी गळती जीवघेणी ठरते. डिसेंबर 2025 च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा भागात दूषित पाण्याने लोकांचे बळी घेतले, तेव्हा शौचालयाखालून जाणाऱ्या जलवाहिनीतील गळती समोर आली होती. सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ ठरलेल्या आणि 2021 मध्ये सांडपाणी व्यवस्थापनासाठीचे ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शहराने ही गोष्ट विसरता कामा नये. शौचालयाच्या आतले मीटर बाहेरच्या जलवाहिनीवर पहारा देऊ शकत नाहीत. त्यासाठी वाहिनीतील दाब आणि पाण्यातील उर्वरित क्लोरीन स्वतंत्रपणे मोजावे लागते.

सेन्सरची नोंद भारतात परवानामुक्त असलेल्या 865 ते 868 मेगाहर्ट्झ रेडिओ पट्ट्यातून किंवा मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रण कक्षात पोहोचते. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाडा परिसरात किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, रात्री वापर एकाएकी वाढतो. त्या दिवसांसाठी इशाऱ्याच्या मर्यादा वेगळ्या न ठेवल्यास खोट्या सूचनांचा मारा होतो आणि कर्मचारी खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करू लागतात. सूचना मिळाल्यावर अडथळा यंत्राने, म्हणजे जेटिंग मशीनने काढावा. हाताने मैला उपसण्याच्या कामावर माणूस लावणे आणि संरक्षक साधनांविना गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. चेंबर उघडल्यावर त्याच खेपेत सेन्सरचा दर्शनी भाग पुसून त्याचे मोजमाप पट्टीने पडताळून घ्यावे लागते.