निवेदकांची जाळी आणि शिवाजीनगरची सरासरी : पार्श्वभूमी

टीव्ही-रेडिओवर रोजचं हवामान सांगणाऱ्यांनीच हवामानबदलाबद्दलही बोलावं आणि त्यासाठी देशोदेशीच्या निवेदकांनी एकत्र यावं, ही कल्पना जेमतेम पंधरा वर्षांची आहे. आज अशी व्यावसायिक जाळी बऱ्यापैकी रुजली आहेत. सभासदाला आयते नकाशे आणि आलेख मिळतात, शंका विचारायला शास्त्रज्ञ मिळतात, आणि प्रेक्षक अंगावर आले तर पाठीशी उभे राहणारे समव्यावसायिकही मिळतात. मराठीत असं काही का नाही, हा विषय पुण्यातल्या माध्यमवाल्यांत अधूनमधून निघतो. उत्तर देताना सहसा पैसा, वेळ आणि टीआरपी यांच्याकडे बोट दाखवलं जातं. तेही खरं आहे. पण घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण शिवाजीनगरला आहे: हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयातून येणाऱ्या ‘सरासरी’त.

शिवाजीनगरच्या शिमला ऑफिस चौकाला ते नाव का पडलं हे पुणेकरांना सांगायला नको. १८७५ मध्ये कलकत्त्याला सुरू झालेलं भारतीय हवामान खातं शिमल्यामार्गे १९२८ मध्ये पुण्यात आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नोंदींचा आणि आकडेमोडीचा मोठा भाग इथेच राहिला. शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२ मध्ये इथेच निघाला, १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वृत्त येऊ लागलं, १९५३ मध्ये पुण्याला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं. १९६२ मध्ये मान्सूनच्या संशोधनासाठी वेगळी संस्था निघाली, ती पुढे पाषाणला गेली.

या सगळ्यातून हवामान सांगण्याची एक घडीव पद्धत तयार झाली. ‘येत्या चोवीस तासांत कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ आलेला कागद जसाच्या तसा वाचायचा, निवेदकानं त्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर, असा त्यामागे हिशेब असतो. तो ऐकणाऱ्याला कधी कुणी समजावून सांगितला नाही, पण शिस्त पक्की होती. इन्सॅट उपग्रहामुळे १९८३ नंतर दूरदर्शनवर ढगांची चित्रं आली, तरी वाचणारा वाचणाराच राहिला. हवामानाबद्दल त्याचं स्वतःचं काही म्हणणं असावं, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

अमेरिकेतली परिस्थिती याच्या उलट. तिथल्या स्थानिक वाहिन्यांवर हवामान सांगणारा बहुधा स्वतः हवामानशास्त्र शिकलेला असतो, गावच्या ओळखीचा चेहरा असतो आणि अंदाजही बऱ्याचदा तोच बांधतो. त्यामुळे २०१० च्या एका पाहणीनं तिथे चांगलीच खळबळ उडाली. तापमानवाढ होत आहे असं मानणारे निवेदक निघाले ५४ टक्के, आणि २७ टक्क्यांना हा सगळा बनाव वाटत होता. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरातल्या एका वाहिनीवर वेगळा प्रयोग सुरू झाला. आपल्याच गावातला उन्हाळा, आपल्याच अंगणातली झाडं यांच्यावरून हवामानबदल सांगणारे छोटे तुकडे रोजच्या हवामानात मिसळायचे. आकडे आणि चित्रं एका संशोधन गटानं पुरवायची, बोलायचं मात्र गावच्या निवेदकानंच. हे पाहणाऱ्यांची समज इतर वाहिन्यांच्या प्रेक्षकांपेक्षा वाढल्याचं दिसलं आणि २०१२ पासून तोच नमुना देशभर गेला. २०१७ च्या पाहणीत हवामान बदलतंय हे मान्य करणारे निवेदक ९५ टक्क्यांवर गेले होते. त्याचं सगळं श्रेय जाळ्याला देणं भाबडेपणाचं ठरेल. मधली वर्षंही कमी तापली नव्हती.

युरोपातली वाट थोडी नाट्यमय होती. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या हवामान परिषदेआधी जिनिव्हातल्या जागतिक हवामान संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या निवेदकांकडून २०५० सालची काल्पनिक हवामानपत्रं करून घेतली. फ्रान्सच्या निवेदिकेनं दाखवलेला २०५० च्या ऑगस्टचा लालभडक नकाशा २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा फिरू लागला, कारण त्या जुलैत पॅरिसचा पारा खरोखरच ४२.६ अंशांवर गेला होता. त्याच देशात २०१५ मध्ये दुसऱ्या एका निवेदकाला हवामानबदलावर शंका घेणारं पुस्तक लिहिल्याच्या वादात नोकरी गमवावी लागली. पुढे २०१७ मध्ये बेल्जियममधल्या एका निवेदिकेच्या पुढाकारानं देशांच्या सीमा ओलांडणारं जाळं उभं राहिलं. २०१८ च्या जूनमध्ये निळ्यापासून लालपर्यंत जाणारे, दर वर्षाचा एक असे तापमानाचे पट्टे एकाच दिवशी अनेक देशांतल्या पडद्यांवर झळकले. टायवर, मगवर, स्टुडिओच्या भिंतीवर, जिथे जागा सापडेल तिथे. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका निवेदकानं जिवे मारण्याच्या धमक्यांना कंटाळून वाहिनी सोडली. धीर द्यायला कुणीतरी लागतं ते यासाठी.

आता हा नमुना मराठीत आणायचा, तर पहिली अडचण अशी की हवामान सांगणारा कायमचा माणूसच नाही. चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या २००७-०८ च्या सुमारास. त्यांच्याकडे हवामान ही रोजची जागा नसून घटना आहे. रेड अलर्ट आला, पूल पाण्याखाली गेला, की ब्रेकिंग. एरवी एखादी ओळ टिकरवर. वाचणारा अँकर सकाळी राजकारण, दुपारी क्रिकेट आणि संध्याकाळी अवकाळी वाचतो. रिकामी जागा निवृत्त शास्त्रज्ञांच्या व्हॉइस नोट आणि यूट्यूबवरच्या खासगी अंदाजकर्त्यांनी भरून काढली. पहिल्या प्रकाराचा फायदाच झाला. दुसऱ्याबद्दल मी इथे बोलत नाही, पुन्हा कधीतरी.

पण समजा असे निवेदक मिळाले, जाळं उभं राहिलं, पुण्याच्या विद्यापीठातल्या रेडिओपासून माणदेशातल्या सामुदायिक केंद्रापर्यंत सगळे त्यात आले. ते पहिल्या दिवशी काय सांगणार? ‘सरासरीपेक्षा इतके अंश जास्त.’ हवामानबदलाची जवळजवळ प्रत्येक बातमी याच वाक्यावर उभी असते. आणि ही सरासरी दर दहा वर्षांनी बदलते.

निर्णय जागतिक आहे. तीस वर्षांचा काळ घ्यायचा, दशक संपलं की पुढे सरकवायचा. १९८१ ते २०१० गेलं आणि १९९१ ते २०२० आलं. शेतकऱ्याला, वीज मंडळाला, धरणावरच्या अभियंत्याला आजच्या काळाशी जुळणारी तुलना हवी असते, त्यामुळे यात गैर काही नाही. मात्र जागतिक हवामान संघटनेनं २०१५ मध्येच जोडीला दुसरीही सोय करून ठेवली होती. हवामानबदल मोजायचा असेल तेव्हा १९६१ ते १९९० हा काळ पक्का धरावा, तो सरकवू नये. एक सरासरी कामकाजासाठी, एक इतिहासासाठी. बुलेटिनमध्ये मात्र एकच येते, आणि येते ती सरकणारी.

याचा परिणाम कसा होतो ते अगदी अलीकडचं उदाहरण घेऊन पाहता येतं. देशाच्या तापमानाचा वार्षिक गोषवारा दर जानेवारीत येतो. २०२३ सालासाठी आकडा आला, सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त, १९०१ पासूनचं दुसऱ्या क्रमांकाचं उष्ण वर्ष. २०२४ सालासाठीही आकडा आला ०.६५ अंश जास्त, पण या वेळी आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष. दोन्ही खरे. पहिला १९८१-२०१० च्या सरासरीवरून काढलेला, दुसरा १९९१-२०२० च्या. आधीचा उच्चांक होता २०१६ चा, ०.७१ अंशांचा. तोच नव्या सरासरीवर ०.५४ होऊन बसला. एका रात्रीत गेलेलं वर्ष ०.१७ अंशानं थंड झालं! त्याच फरकानं मागे मोजलं तर २०२४ चा आकडा जुन्या सरासरीवर ०.८० च्या पुढे जातो. डेस्कवर बसलेल्या माणसानं गेल्या वर्षीची बातमी काढून शेजारी ठेवली, तर तो ‘तापमानवाढ जैसे थे’ असं शीर्षक देईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. कुठल्या काळाची सरासरी ते पत्रकात लिहिलेलं असतं, पण कंसात. कंस हवेत वाचून दाखवत नाहीत.

त्याच जानेवारीत २०२४ सालासाठी जगाचाही आकडा आला, १.५५ अंश. तो मोजला जातो १८५० ते १९०० या काळापासून, कारण पॅरिस कराराची दीड अंशाची मर्यादा तिथूनच धरतात. ऐकणाऱ्याच्या कानावर एका पंधरवड्यात भारताचे ०.६५ आणि जगाचे १.५५ पडले. भारत जगाच्या निम्म्यानंसुद्धा तापला नाही, असा निष्कर्ष त्यानं काढला तर तो चुकीच्या तुलनेवर उभा आहे. आपली वाढ जागतिक सरासरीहून कमी आहे एवढंच खरं. पाषाणच्या त्या मान्सून संशोधन संस्थेकडून २०२० मध्ये आलेल्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे ०.७ अंश होती. हा आकडा शतकभराचा, ०.६५ एका वर्षाचा, आणि दिसायला दोघे सख्खे भाऊ.

पावसाचं त्याहून गुंतागुंतीचं. आपल्याकडे मान्सूनसाठी पन्नास वर्षांची सरासरी धरतात. १९६१-२०१० ची होती ८८०.६ मिलिमीटर. २०२२ च्या एप्रिलपासून १९७१-२०२० ची आली, ८६८.६. फरक बारा मिलिमीटरचा, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण पाऊस, ही रेघ तिथेच आहे. एखाद्या वर्षी ८४० मिलिमीटर पडला असं धरू. जुन्या हिशेबानं तो ९५ टक्के, सर्वसाधारणपेक्षा कमी. नव्या हिशेबानं ९७ टक्के, सर्वसाधारण. विदर्भातल्या कपाशीला दोन्ही हिशेब सारखेच.

खात्याचं म्हणणं अगदी उडवून लावण्यासारखं नाही. पर्जन्यमापकांचं जाळं वाढलं, आता हिशेबात चार हजारांहून जास्त केंद्रं आहेत, तेव्हा आकडा ताजा करणं भागच होतं. घट का झाली, याचंही उत्तर दिलं गेलं. मान्सूनला ओली आणि कोरडी पर्वं असतात, १९७१-८० च्या दशकात कोरडं पर्व सुरू झालं, २०२१-३० मध्ये ते ओसरून पाऊस सरासरीच्या जवळ येईल आणि त्यानंतरचं दशक ओल्या पर्वाचं असेल. निसर्गाचं चक्र, काळजी नको, असा सूर बातम्यांतून गेला. आणि गणेशखिंडीतून विद्यापीठ ओलांडून पाषाणला गेलं की वेगळं ऐकू येतं. १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, घट ठळक आहे ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या सह्याद्रीत, आणि तिला माणसानं हवेत सोडलेल्या सूक्ष्म कणांचा हातभार आहे. हरितगृह वायूंमुळे पाऊस वाढायला हवा होता, या कणांनी ती वाढ झाकून टाकली. दोन्ही म्हणणी एकमेकांना छेद देतातच असं नाही, नैसर्गिक चढउतार आणि माणसाचा हात एकाच वेळी असू शकतात. पण चाळीस सेकंदांच्या बाइटमध्ये दोन्ही मावत नाहीत, आणि जे मावतं ते बहुतेक वेळा शिवाजीनगरचं, कारण पत्रक तिथून येतं. पाषाणहून येतो तो जाडजूड ग्रंथ.

सरासरी सरकवण्याचा प्रत्येक निर्णय वाईट असतो असंही नाही. २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखा बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. केरळातला १ जून तसाच राहिला, मुंबईचा १० जूनचा ११ झाला, पण राजस्थानातून परतीची तारीख १ सप्टेंबरवरून एकदम १७ सप्टेंबरवर गेली. त्याआधी वर्षानुवर्षं आपण ‘मान्सूनचा परतीचा प्रवास लांबला’ अशी बातमी देत होतो. तारीख बदलली आणि त्याच वागणुकीचा मान्सून वेळेवर परतू लागला. खरं तर ही बदललेली तारीख हीच हवामानबदलाच्या वार्तांकनातली मोठी बातमी होती. ती एक दिवस चालली.

परदेशी जाळ्यांची तयार सामग्री इथे फार उपयोगी पडत नाही ती यामुळेच. त्यांचे पट्टे आणि आलेख बऱ्याचदा पक्क्या सरासरीवर काढलेले असतात, इथला रोजचा कागद सरकत्या सरासरीवर. दोन्ही एकाच बुलेटिनमध्ये दाखवले की प्रेक्षक विचारतो, खरं कोणतं? आणि कुणीतरी जुनी नोंद शोधून आणतोच. १८९७ च्या एप्रिलअखेरीला पुण्यात ४३.३ अंशांची नोंद आहे, तेव्हा कुठे होत्या तुमच्या गाड्या? एका दिवसाच्या उच्चांकानं तीस वर्षांचा कल खोडता येत नाही, हे त्याला शांतपणे सांगायचं तर अँकरला ते आधी स्वतःला माहीत हवं, आणि त्यासाठी दोन्ही सरासऱ्या त्याच्या टेबलावर हव्यात. सध्या एकच असते. १९६१-१९९० ची सरासरी गुपित नाही. ती शिवाजीनगरच्याच दप्तरात आहे आणि रोजच्या पत्रकात तिची एक ओळ वाढवायला नवं जाळंही लागत नाही. तशी मागणी मात्र वृत्तवाहिन्यांकडून झाल्याचं दिसत नाही.

पावसाची पुढची सरासरी, रिवाज तोच राहिला तर, १९८१ ते २०३० ची असेल. ती जाहीर होईल तोवर ओल्या पर्वाच्या भाकिताचं दशक सुरू झालेलं असेल, आणि ते खरं ठरलं की नाही हे त्याच नव्या सरासरीवर मोजलं जाईल.